ताशी दीडशे, दिसल्या सात!

डिसेंबर २०२३ संपता संपता एका तालुक्याच्या गावातील विज्ञानशिक्षिकेचे पत्र आले. १४ डिसेंबरच्या रात्री त्यांनी नववीतील अकरा मुलामुलींना शाळेच्या गच्चीवर नेले होते. साडेनऊ ते साडेदहा मुले सतरंज्यांवर उताणी पडून आकाशाकडे पाहत होती. ढग नव्हते, चंद्राची कोर केव्हाच मावळली होती. बाईंनी शिस्तीने काम केले होते. प्रत्येकाने आपली मोजणी वेगळी ठेवायची, शेजाऱ्याने 'ती बघ' म्हटलेली उल्का धरायची नाही. तासाभराने वह्या गोळा केल्या, तेव्हा सर्वांत मोठा आकडा निघाला सात.

वर्तमानपत्रात मात्र 'ताशी १५० उल्का' असे छापून आले होते. एका मुलीने विचारले, "बाई, मग छापलेले खोटे होते का?" बाईंना उत्तर देता आले नाही, म्हणून पत्र लिहिले. पत्राच्या शेवटी त्यांनी जाता जाता एक ओळ लिहिली होती : 'तसे आमचे आकाशच जरा कंजूष आहे. पुस्तकात कृत्तिका सहा दिल्या आहेत, मुलांना चारच मोजता आल्या.'

पत्र वाचून मला थोडे अपराधी वाटले. कारण असे आकडे वर्तमानपत्रे आमच्यासारख्या लोकांकडूनच घेतात. बाई ज्या शिक्षक-शिबिराला आल्या होत्या, तिथे मीही तोच आकडा सांगितला होता, आणि त्यामागच्या अटी सांगितल्या नव्हत्या. १५० हा आकडा खोटा नाही. मुलांचे सातही खोटे नाहीत. मग मधल्या १४३ उल्का गेल्या कुठे? त्याचा हिशेब मांडता येतो, आणि तो दहावीच्या गणितात बसतो. त्या हिशेबाची किल्ली बाईंच्या शेवटच्या ओळीतच होती.

आधी उल्केविषयी

आपल्याकडे आकाशात अशी रेघ ओढली गेली की 'तारा तुटला' म्हणतात. वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त उल्कांवर एक स्वतंत्र अध्याय आहे आणि त्यात त्यांचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यांतला 'अशनी' हा शब्द आज आपण जमिनीवर पोचलेल्या उल्कापाषाणासाठी वापरतो. तारा मात्र कधीच तुटत नाही. तुटते ते एखाद्या धूमकेतूचे किंवा लघुग्रहाचे अंग. त्याचे बारीक कण त्याच्याच कक्षेत पसरून सूर्याभोवती फिरत राहतात. पृथ्वी दरवर्षी ठराविक तारखांना हा पट्टा ओलांडते. त्या दिवसांत कण मोठ्या संख्येने वातावरणात शिरतात आणि उल्कावर्षाव होतो.

डिसेंबरमधील मिथुन उल्कावर्षावाचा जनक बरीच वर्षे सापडत नव्हता. हा वर्षाव प्रथम १८६२ साली नोंदला गेला, पण त्याच्या कक्षेत धूमकेतू काही आढळेना. १९८३ मध्ये 'आयरास' या अवरक्त उपग्रहाने घेतलेल्या निरीक्षणांत एक नवा लघुग्रह सापडला. त्याची कक्षा उल्कांच्या कक्षेशी जुळत असल्याचे फ्रेड व्हिपल यांनी लगेच दाखवून दिले. या लघुग्रहाचे नाव फेथॉन. तो सुमारे पाच-सहा किलोमीटर व्यासाचा असून १.४३ वर्षांत सूर्याभोवती एक फेरी मारतो. या फेरीत तो सूर्याच्या इतक्या जवळ जातो, की ते अंतर पृथ्वी-सूर्य अंतराच्या केवळ १४ टक्के भरते. बहुतेक मोठे वर्षाव धूमकेतूंपासून होतात. हा लघुग्रहापासून होणारा, म्हणून तो अभ्यासकांना विशेष मोलाचा वाटतो.

या वर्षावातील कण पृथ्वीवर सेकंदाला सुमारे ३५ किलोमीटर वेगाने आदळतात. येथे वर्गात एक सोपे उदाहरण करून घ्यावे. एक ग्रॅम वजनाच्या कणाची गतिज ऊर्जा काढा. ती सुमारे सहा लाख जूल येते. आता एक टन वजनाची मोटार सेकंदाला ३५ मीटर, म्हणजे ताशी १२६ किलोमीटर वेगाने जात असेल, तर तिची ऊर्जा काढा. तीही तितकीच! वस्तुमान दहा लाख पटींनी कमी झाले, पण वेग हजार पटींनी वाढला, आणि ऊर्जेच्या सूत्रात वेगाचा वर्ग असतो. हरभऱ्याच्या दाण्यापेक्षा लहान कण शंभर किलोमीटर उंचीवरूनही आपल्याला दिसतो, त्याचे रहस्य या वर्गात आहे.

'हवेच्या घर्षणाने उल्का पेटते' असे आपण मुलांना सांगतो. ते अगदी चूक नसले तरी अपुरे आहे. हवेचे रेणू कणावर प्रचंड वेगाने आदळतात, कणाचा पृष्ठभाग वितळून त्याची वाफ होते, आणि या वाफेतील व हवेतील अणू आपसांत धडकून उत्तेजित होतात. हे अणू पूर्वस्थितीला येताना जो प्रकाश देतात, तोच आपण पाहतो. त्यामुळे सोडियमची पिवळी किंवा मॅग्नेशियमची हिरवट छटा काही उल्कांत ओळखू येते.

दीडशेच्या मागच्या अटी

आता मूळ प्रश्नाकडे वळू. सगळ्या उल्का आकाशातील एकाच ठिकाणाहून फुटल्यासारख्या दिसतात. प्रत्यक्षात त्या समांतर मार्गांनी येत असतात. रेल्वेचे रूळ दूरवर एकमेकांना मिळाल्यासारखे दिसतात, तसाच हा भास आहे. या ठिकाणाला वर्षावाचा उद्गमबिंदू म्हणतात. मिथुन वर्षावाचा उद्गमबिंदू पुनर्वसू नक्षत्रातील कॅस्टर या ताऱ्याजवळ आहे.

ताशी १५० हा दर एका आदर्श निरीक्षकासाठी काढलेला असतो. त्याच्या अटी अशा : वर्षाव ऐन भरात असावा, उद्गमबिंदू बरोबर डोक्यावर असावा, आकाश इतके काळे असावे की ६.५ प्रतीचा ताराही नुसत्या डोळ्यांना दिसावा, आणि आकाशाचा कोणताही भाग झाकलेला नसावा. असा निरीक्षक प्रत्यक्षात जवळजवळ कुठेच नसतो. वेगवेगळ्या देशांतील मोजण्यांची तुलना करता यावी, म्हणून शास्त्रज्ञांनी हे समान माप ठरवले. वर्तमानपत्रात तो आकडा येतो, अटी गळून पडतात.

आपल्या अकरा मुलांची पहिली अट पूर्ण झाली होती. २०२३ चा वर्षाव भारतीय वेळेनुसार १४ डिसेंबरच्या मध्यरात्रीनंतर लगेच भरात येणार होता. पहिली वजावट करायची ती उंचीची.

टॉर्चचा झोत जमिनीवर सरळ धरला तर लहान गोल पडतो, तिरपा धरला तर तोच प्रकाश लांब पट्ट्यात पसरतो. कणांच्या प्रवाहाचेही तसेच होते. उद्गमबिंदू क्षितिजाजवळ असेल, तर तेच कण वातावरणाच्या मोठ्या क्षेत्रावर विखुरतात. म्हणून दर उद्गमबिंदूच्या उंचीच्या साइनने गुणायचा. महाराष्ट्रात डिसेंबरच्या मध्यास हा बिंदू रात्री साडेसातच्या सुमारास उगवतो, दहा वाजता सुमारे २८ अंश वर येतो आणि अडीचच्या सुमारास ७५ अंशांवर पोचतो. दहा वाजता साइनचे मूल्य सुमारे ०.४८. म्हणजे १५० चे ७२ झाले.

दुसरी वजावट मोठी आहे. ताऱ्यांच्या तेजाच्या मापाला प्रत म्हणतात. आकडा जितका मोठा, तितका तारा मंद. नदीच्या पात्रात मोठे धोंडे थोडे, खडी त्याहून पुष्कळ आणि वाळू अगणित असते. उल्कांचेही तसेच आहे. मिथुन वर्षावात प्रत एकने वाढली, की उल्कांची संख्या सुमारे २.६ पट होते. याचाच अर्थ, तुमचे आकाश एका प्रतीने उजळले, की दिसणाऱ्या उल्का २.६ पटींनी घटतात. दोन प्रतींनी उजळले, तर जवळजवळ सात पटींनी.

शाळेवरचे आकाश किती उजळ होते? इथे बाईंची शेवटची ओळ उपयोगी पडते. कृत्तिकांमधील चार ठळक तारे २.९ ते ३.९ प्रतीचे आहेत. पाचवा ४.२ आणि सहावा ४.३ प्रतीचा आहे. मुलांना चार दिसले, पाचवा दिसला नाही. म्हणजे त्या गच्चीवरून साधारण चौथ्या प्रतीपर्यंतच दिसत होते. आदर्श आकाशापेक्षा अडीच प्रती कमी. २.६ चा अडीचावा घात सुमारे ११ येतो. ७२ ला ११ ने भागले, की उत्तर साडेसहा!

हिशेब सातावर येऊन थांबतो. मुलांनी अगदी बरोबर मोजले होते.

तेवढ्याच मेहनतीत

याच रीतीने आणखी तीन शक्यता तपासून पाहू. एकूण चित्र असे दिसते :

गावातील गच्ची, रात्री दहा : ताशी सुमारे ७
गावातील गच्ची, रात्री अडीच : ताशी सुमारे १३
सहाव्या प्रतीपर्यंत दिसणारा अंधारा माळ, रात्री दहा : ताशी सुमारे ४५
तोच माळ, रात्री अडीच : ताशी सुमारे ९०

गच्चीवर मुलांना अडीचपर्यंत जागवले असते, तर उल्का दुप्पट दिसल्या असत्या. पण दहा वाजताच त्यांना अंधाऱ्या माळावर नेले असते, तर सहापटीहून अधिक दिसल्या असत्या. उंचीची वजावट निसर्गाने केलेली आहे. ती टळत नाही, आणि रात्र चढेल तशी आपोआप भरून निघते. आकाशाच्या उजेडाची वजावट माणसाने केली आहे. ती मात्र दरवर्षी वाढत चालली आहे.

उजेड आकाशात कसा जातो?

रस्त्यावरच्या दिव्याचा प्रकाश जमिनीवर पडावा, ही अपेक्षा. पण उघड्या बल्बाचा, तिरप्या लावलेल्या फ्लडलाइटचा आणि जाहिरातीच्या फलकाचा बराच प्रकाश आडवा आणि वर जातो. हवेचे रेणू व धूळ तो विखुरतात आणि त्यातला काही भाग खाली परत येतो. गावावर दिसणारा फिकट घुमट तो हाच. त्या उजळ पडद्यावर मंद तारे आणि मंद उल्का विरून जातात.

यात रंगालाही महत्त्व आहे. दिवसा आकाश निळे दिसते, कारण हवेचे रेणू निळा प्रकाश अधिक विखुरतात. विखुरण्याचे प्रमाण तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त असते. ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश ६०० नॅनोमीटरच्या नारिंगी प्रकाशापेक्षा तिपटीहून थोडा अधिक विखुरतो. जुन्या पिवळ्या सोडियम दिव्यांत निळा अंश थोडा होता. थंड पांढऱ्या एलईडी दिव्यांत तो पुष्कळ असतो. एलईडीने वीज वाचते, हे खरेच. पण वीज स्वस्त पडते म्हणून जिथे एक दिवा पुरेसा होता तिथे तीन लावले, तर बचतही गेली आणि आकाशही गेले.

२०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक नकाशासंग्रहात असे दाखवले आहे, की जगातील एकतृतीयांश लोकांना राहत्या ठिकाणाहून आकाशगंगा दिसत नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास तर सामान्य नागरिकांच्याच नोंदींवर आधारलेला होता. २०११ ते २०२२ या काळात लोकांनी आपल्या गावातून कोणते तारे दिसतात याच्या पन्नास हजारांहून अधिक नोंदी कळवल्या. त्यातल्या बहुतेक नोंदी युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या होत्या. त्यांवरून आकाशाची उजळी वर्षाला सरासरी ९.६ टक्क्यांनी वाढत असल्याचे दिसले. चक्रवाढीने पाहिले, तर आठ वर्षांच्या आत दुप्पट! ज्या मुलाच्या जन्माच्या वेळी २५० तारे दिसत होते, ते मूल अठरा वर्षांचे होईतो तेथे १०० च उरतात.

नुकसान केवळ हौशी निरीक्षकांचे नाही. वेळासच्या किनाऱ्यावर अंड्यांतून निघालेली कासवांची पिले उजळ क्षितिजाच्या दिशेने धावतात. निसर्गात ती दिशा समुद्राची असते. किनाऱ्यावर प्रखर दिवे असतील, तर पिले पाण्याकडे पाठ करून निघतात. दिव्याभोवती रात्रभर घिरट्या घालणारे पतंग तर आपण रोजच पाहतो.

दिवा हवाच, पण

हे वाचून कोणी म्हणेल, 'वर्षानुवर्षे मागणी करून आमच्या वाडीवर दिवे आले आणि आता विझवायला सांगता?' तसे नाही. क्लासहून परतणाऱ्या मुलीला उजेडाची वाट हवीच. प्रश्न दिवा असावा की नसावा हा नसून त्याचे तोंड कुठे आहे, हा आहे. डोळ्यांत घुसणारा उघडा दिवा वाटेवरचा खड्डा दाखवत नाही, उलट लपवतो. दिव्याला वरून टोपी बसवली, तोंड सरळ खाली केले, पिवळसर छटा निवडली, गरजेपुरतीच क्षमता ठेवली आणि काम संपल्यावर तो बंद केला, की रस्ता अधिक चांगला दिसतो आणि आकाशही राहते. हवेचे किंवा पाण्याचे प्रदूषण दूर करायला वर्षे लागतात. प्रकाशाचे प्रदूषण बटण दाबताच थांबते.

हे आपल्याकडेही घडले आहे. नागपूर जिल्ह्यातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातील पहिले 'डार्क स्काय पार्क' म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. त्यासाठी आसपासच्या चार गावांतील शंभराहून अधिक दिवे बदलून जमिनीकडे तोंड असलेले दिवे बसवण्यात आले. गावे अंधारात गेली नाहीत, फक्त दिव्यांचे तोंड खाली झाले. लडाखमध्ये हानले येथील वेधशाळेभोवतीचा प्रदेशही २०२२ मध्ये राखीव अंधारक्षेत्र म्हणून जाहीर झाला.

शाळेसाठी उपक्रम

महाराष्ट्रासाठी मिथुन वर्षाव सर्वांत सोयीचा. ऑगस्टमधील ययाती वर्षाव मोठा असला, तरी तो आपल्याकडे बहुधा पावसाळी ढगांत हरवतो. नोव्हेंबरमधील सिंह वर्षावासाठी पहाटेपर्यंत थांबावे लागते. डिसेंबरमध्ये आकाश निरभ्र असते आणि उद्गमबिंदू संध्याकाळीच उगवत असल्याने मुलांना वेळेत घरी पाठवता येते.

१. दिनदर्शिकेत १४ डिसेंबरच्या आसपासची तिथी पाहा. पौर्णिमा जवळ असेल, तर चांदण्यात मंद उल्का दिसणार नाहीत. तिथी दरवर्षी साधारण अकरा दिवसांनी सरकते, म्हणून एक वर्ष वाईट गेले, तरी पुढचे बरे असू शकते.

२. दोन गट करा. एक शाळेच्या गच्चीवर, दुसरा गावाबाहेरच्या एखाद्या सुरक्षित माळावर. पालकांची संमती, दोन मोठी माणसे, चटया आणि शाली आवश्यक.

३. डोळे अंधाराला सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात. मोबाइलच्या पडद्याकडे एकदा पाहिले, की हा सराव मोडतो. लिहिण्यासाठी टॉर्चवर लाल जिलेटिन कागद गुंडाळा.

४. मोजणीआधी आणि नंतर प्रत्येकाने दिसलेल्या कृत्तिका मोजून लिहाव्यात. त्या वेळी कृत्तिका जवळजवळ डोक्यावर असतात. तारे दाटीने असल्याने हे माप ढोबळच, पण दोन जागांची तुलना करायला पुरेसे आहे.

५. उद्गमबिंदूकडे टक लावू नये. त्यापासून थोडे दूर, आकाशाच्या सर्वांत काळ्या भागाकडे पाहावे. उल्केचा मार्ग मागे वाढवला असता पुनर्वसूकडे जात असेल, तरच ती या वर्षावाची.

६. प्रत्येकाची मोजणी वेगळी ठेवा, सर्वांची बेरीज करू नका. दुसऱ्या दिवशी वर दिलेला हिशेब फळ्यावर करून दोन्ही गटांचे आकडे पडताळा.

अशा सामुदायिक नोंदींना विज्ञानात जुनी परंपरा आहे. नोव्हेंबर १८३३ मध्ये अमेरिकेत सिंह उल्कांचा प्रचंड वर्षाव झाला, तेव्हा डेनिसन ओल्मस्टेड या प्राध्यापकांनी वर्तमानपत्रातून आवाहन करून लोकांकडून निरीक्षणे मागवली. उल्का आकाशातील एकाच बिंदूपासून येतात आणि त्यांचे मूळ पृथ्वीबाहेर आहे, ही समज त्या पत्रव्यवहारातून पक्की होत गेली. ती निरीक्षणे पाठवणारी बहुतेक माणसे साधी, घराबाहेर येऊन वर पाहणारी होती.

बाईंना मी हा सारा हिशेब लिहून पाठवला आणि त्या मुलीला सांगा म्हणून लिहिले, की छापलेले खोटे नव्हते, अपुरे होते. तिचे सात हे मात्र तिच्या गावाच्या आकाशाचे खरेखुरे मोजमाप आहे. शाळेने एक वही करावी आणि दर डिसेंबरला तिच्यात दोनच आकडे लिहावेत : दिसलेल्या कृत्तिका आणि तासाभरातील उल्का. पाच-सहा वर्षांनी ती वही घेऊन मुले ग्रामपंचायतीत किंवा नगरपरिषदेत गेली, तर दिव्यांना टोप्या बसवा म्हणून सांगायला त्यांच्या हातात स्वतःचा पुरावा असेल.

बाईंचे उत्तर पुढच्या आठवड्यात आले. शाळेच्या फाटकावरचा मोठा दिवा गच्चीच्या दिशेने तोंड करून लावलेला आहे, हे मुलांनीच दाखवून दिले होते. शिपाईमामांनी शिडी लावून तो खाली वळवला. त्या रात्री मुलांनी पुन्हा कृत्तिका मोजल्या. पाच भरल्या.